जनुक आहे, पण ते जागं कुठे आहे?

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी नामदेव हे कयाधूकाठचं गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. आषाढी करून पंढरपूरहून निघालेले वारकरी पुढच्या एकादशीला नर्सीला येतात, नामदेवांपुढे माथा टेकवतात आणि मगच वारी पुरी झाली असं मानतात. या परतवारीच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. दिंडीतले टाळकरी समोरासमोर रांगा करून उभे असतात. मध्ये विणेकरी असतो, पखवाज असतो, पण शेवटच्या रांगेतला टाळकरी त्यांच्याकडे बघून टाळ वाजवत नाही. शेजाऱ्याचा ठोका त्याच्या हातात उतरतो आणि त्याचा पुढच्याच्या. इतके हात एका क्षणी खाली येतात ते असे.

मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या जरा वर, इन्फिरिअर ऑलिव्ह नावाचं चेतापेशींचं एक केंद्र आहे. आपल्या हालचाली नेमक्या वेळेला व्हाव्यात यासाठी लहान मेंदूला जे संदेश लागतात, त्यांतला एक मोठा प्रवाह इथून निघतो. इथल्या पेशींचा विद्युतदाब सेकंदाला काही वेळा खालीवर हेलकावत असतो आणि शेजारशेजारच्या पेशी एकत्र हेलकावतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडचे उंदीर असे होते की त्यांच्यातलं कनेक्सिन-३६ हे एकच जनुक काढून टाकलेलं होतं. या उंदरांच्या ऑलिव्हमध्येही प्रत्येक पेशीचा हेलकावा चालूच होता. फक्त तो शेजारणीशी जुळत नव्हता. प्रत्येक टाळकरी आपापला ठेका धरून आहे आणि दिंडीचा ठोका मात्र हरवला आहे, अशी ती अवस्था.

हेच कनेक्सिन-३६ डोळ्याच्या दृष्टिपटलात नसलं, तर मंद प्रकाशातले संदेश मेंदूकडे नीट पोचत नाहीत. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींत नसलं, तर इन्शुलिनचं ठरावीक लयीत बाहेर पडणं बिघडतं. जनुक एकच, पण ते ज्या पेशीत काम करतं त्याप्रमाणे बिघाड वेगळा. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. यकृताच्या पेशीत मेंदूची असतात आणि मेंदूच्या पेशीत यकृताची. प्रत्येक पेशी त्यांतली काहीच वापरते, म्हणजे त्यांच्यापासून प्रथिनं बनवते. याला जनुक व्यक्त होणं म्हणतात. माझं ठाम मत आहे की, एखाद्या आजाराचं जनुक सापडलं अशी बातमी वाचली की वाचकाने पुढचा प्रश्न हाच विचारावा: ते व्यक्त कुठे होतं? त्याशिवाय ना आजार कळतो, ना उपचाराची दिशा. कनेक्सिन जनुकांइतका याचा स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो, आणि त्यातलं एक जनुक तर थेट आपल्या मराठवाड्यातल्या घरांपर्यंत येतं.

आधी रचना पाहू. दोन चेतापेशींमधला संदेश बहुतेक वेळा रसायनांमार्फत जातो. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते पकडते. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते आणि संदेश पलीकडे जायला अर्धा ते एक मिलिसेकंद लागतो. गॅप जंक्शन नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या जोडात ही फट अवघी २ ते ४ नॅनोमीटर असते आणि तीही नळ्यांनी जोडलेली असते. सहा कनेक्सिन प्रथिनं गोल जमून एका पेशीच्या पटलात अर्धी नळी तयार करतात. समोरच्या पेशीतली अर्धी नळी तिच्या तोंडाला तोंड लावते आणि सलग मार्ग तयार होतो. त्यातून पोटॅशियम, कॅल्शियमसारखे आयन जातात, तसे ग्लुकोजसारखे लहान रेणूही जातात. प्रथिनांसारखे मोठे रेणू मात्र अडतात. वीज थेट वाहते, त्यामुळे उशीर जवळपास नसतोच, आणि बहुतेक ठिकाणी ती दोन्ही दिशांना वाहू शकते.

एडविन फर्शपॅन आणि डेव्हिड पॉटर या दोघांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी गोड्या पाण्यातल्या क्रेफिश या कवचधारी प्राण्याच्या मज्जातंतूंत असा विजेचा जोड दाखवून दिला. तेव्हा चेतासंदेश रासायनिकच असतो हे मत नुकतंच पक्कं झालं होतं. त्यामुळे विजेचे जोड म्हणजे खालच्या प्राण्यांतली जुनी सोय, सस्तन प्राण्यांच्या मेंदूत त्यांना फारसं स्थान नाही, अशी समजूत बरीच वर्षं टिकली. रोडोल्फो यिनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांजराच्या इन्फिरिअर ऑलिव्हमध्ये ते दाखवले, तरी तो अपवाद धरला गेला. १९९९ मध्ये मात्र नेचर या नियतकालिकात एकाच वेळी दोन गटांचे निबंध आले. उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे विचार आणि संवेदना यांचं काम जिथे चालतं त्या थरात, लगाम घालणाऱ्या चेतापेशी एकमेकींना गॅप जंक्शनने जोडलेल्या असल्याचं दोघांनाही आढळलं होतं. त्यानंतर अपवादाची भाषा संपली.

माणसात कनेक्सिनची सुमारे २१ जनुकं आहेत, उंदरात २०. प्रथिनाच्या वजनावरून त्यांना आकडे दिलेले आहेत. २६ किलोडाल्टनचं ते कनेक्सिन-२६, ४३चं ते कनेक्सिन-४३. यांतली जेमतेम अर्धी मेंदूत व्यक्त होतात, पण त्यांची वाटणी थक्क करणारी आहे.

चेतापेशींचं मुख्य कनेक्सिन म्हणजे ३६. त्याचं जनुक १९९८ मध्ये हाती लागलं. ते ऑलिव्हमध्ये भरपूर आहे. दृष्टिपटलात आहे, वास टिपणाऱ्या घ्राणकंदात आहे, थॅलॅमसभोवतीच्या जाळीदार केंद्रात आहे, हिपोकॅम्पस आणि बाह्यक यांतल्या लगामी पेशींत आहे. शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ सांभाळणाऱ्या केंद्रातही आहे. ही यादी सहज आलेली नाही. जिथे पुष्कळ पेशींनी एका वेळी काम करायला हवं, तिथे ते जागं दिसतं. बाह्यकातल्या ज्या मोठ्या पेशी लांबवर संदेश पाठवतात, त्यांच्यात प्रौढ वयात ते जवळपास नसतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उंदराच्या मेंदूत हे जनुक पुष्कळ ठिकाणी जोरात असतं आणि नंतर ओसरतं. म्हणजे मेंदूची जुळणी होत असताना विजेचे जोड अधिक असतात आणि रासायनिक सिनॅप्स पक्के होत जातात तसे ते मोजक्या जागी उरतात. याच जनुकाच्या परिसरातले काही बदल चष्म्याच्या नंबराशी, म्हणजे लांबचं न दिसण्याशी, निगडित असल्याचं २०१०पासून माहीत आहे. दृष्टिपटलातली त्याची जागा ठाऊक असेल तर याचं नवल वाटत नाही.

मेंदूत केवळ चेतापेशीच नसतात. ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी चेतापेशींची निगा राखतात. त्यांच्यात कनेक्सिन-४३ आणि कनेक्सिन-३० व्यक्त होतात. ४३ गर्भातच सुरू होतं, ३० जन्मानंतर काही आठवड्यांनी, आणि तेही पांढऱ्या भागापेक्षा करड्या भागात जास्त. या जोडांमुळे असंख्य ॲस्ट्रोसाइट मिळून एक जाळं होतं. रक्तवाहिनीजवळच्या पेशीने घेतलेलं ग्लुकोज या जाळ्यातून दूरच्या, भुकेल्या सिनॅप्सपर्यंत पोचतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. चेतापेशींनी बाहेर टाकलेलं जास्तीचं पोटॅशियमही इथेच पांगवलं जातं. ते साचलं तर शेजारच्या पेशी नाहक भडकतात.

तिसरा गट ऑलिगोडेंड्रोसाइटांचा. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण गुंडाळणं हे त्यांचं काम. त्यांच्यात कनेक्सिन-३२ आणि ४७ असतात. इथे एक सुंदर गोष्ट आहे. कोणतंही कनेक्सिन वाटेल त्या कनेक्सिनशी जुळत नाही. ऑलिगोडेंड्रोसाइटचं ४७ ॲस्ट्रोसाइटच्या ४३शी जुळतं आणि ३२ जुळतं ते ३०शी. चेतापेशीचं ३६ मात्र प्रामुख्याने आपल्याच जातीच्या ३६शी जोडलं जातं. म्हणून चेतापेशींची वीज निगराणी करणाऱ्या पेशींच्या जाळ्यात सांडत नाही. कोणती पेशी कोणाशी जोडली जाणार हे बऱ्याच अंशी कोणतं जनुक कुठे व्यक्त होतं यावरच ठरतं.

कनेक्सिन-४७च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर बाळाच्या मेंदूत मायलिन पुरेसं तयार होत नाही. डोळे थरथरतात, मान सावरायला आणि चालायला उशीर होतो. कनेक्सिन-३२ बिघडलं तर मुख्य त्रास मेंदूत होत नाही, हातापायांच्या नसांत होतो. तळपायाची कमान वाढते, पाऊल लटकं पडतं, पोटऱ्या बारीक होतात. या आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. ३२चं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांना तो अधिक जाचतो. नसांभोवती श्वान नावाची पेशी गुंडाळलेली असते आणि तिथे हे कनेक्सिन एकाच पेशीच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांना एकमेकांशी जोडतं. तिथे त्याची जागा घेणारं दुसरं कोणी नाही. मेंदूत मात्र ४७ आहे, ते बरंचसं सांभाळून घेतं.

हे नकाशे काढणं वाटतं तितकं सोपं नाही. १९९०च्या दशकात चेतापेशींत कनेक्सिन-३२ आणि ४३ सापडल्याचे दावे छापून आले होते. जॉन रॅश आणि जेम्स नॅगी या संशोधकांनी पेशींचं पटल गोठवून, दुभंगून, त्यावर सोन्याच्या कणांनी कनेक्सिनच्या खुणा केल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जोड तपासला, तेव्हा ४३ ॲस्ट्रोसाइटांत, ३२ ऑलिगोडेंड्रोसाइटांत आणि चेतापेशींत ३६ अशी विभागणी स्पष्ट झाली. प्रतिपिंडांनी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंनी, केलेला शोध फसवू शकतो, कारण ती कधीकधी भलत्याच प्रथिनाला चिकटतात. म्हणून आता ज्या उंदरात ते जनुकच नाही, त्याच्या मेंदूवर तीच चाचणी करून पाहतात. तिथेही रंग दिसला तर तो खोटा. दुसरी पद्धत जनुकाच्या आरएनए प्रतींना थेट मेंदूच्या चकतीवर रंगवण्याची. ॲलन या मेंदूसंशोधन संस्थेने या पद्धतीने उंदराच्या सुमारे २०,००० जनुकांचा नकाशा २००६ मध्ये पुरा करून सगळ्यांना खुला केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनेही गर्भातल्या मेंदूच्या चकत्यांवर जनुकं कुठे व्यक्त होतात हे पाहतच बाह्यक कसा घडतो याचा माग काढला. एलएचएक्स-२ हे जनुक ज्या पेशीत असतं ती बाह्यक होते, नसलं तर वेगळ्याच वाटेला जाते, हे त्यांनी २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात मांडलं. ते जनुक कनेक्सिनचं नव्हे, पण प्रश्न तोच: कुठे जागं आहे?

आता कनेक्सिन-२६. याचं जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे, नाव जीजेबी-२. गर्भात बाह्यक तयार होताना नव्या चेतापेशी आधाराच्या तंतूंना धरून वर सरकतात. उंदरांवरच्या २००७च्या प्रयोगांत या पकडीला कनेक्सिन-२६ आणि ४३ लागतात असं दिसलं. प्रौढ मेंदूत हे २६ प्रामुख्याने मेंदूभोवतीच्या आवरणांत आढळतं. मग हे जनुक बिघडलं तर मेंदू बिघडायला हवा. तसं होत नाही. १९९७ मध्ये कळलं की हे जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेलं मूल जन्मतः बहिरं असतं आणि बहुतेकदा बाकी सगळ्या बाबतींत ठणठणीत असतं. मेंदूतली २६ची उणीव बहुधा ४३ भरून काढतं. कानात तसं होत नाही. याउलट उंदराच्या गर्भातून हे जनुक काढलं, तर तो गर्भच जगत नाही, कारण उंदराच्या वारेत गर्भाला ग्लुकोज पुरवायला हेच कनेक्सिन लागतं. माणसाची वार वेगळी आहे, म्हणून माणसाचं मूल सुखरूप जन्माला येतं.

कानातली त्याची जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. आतल्या कानाच्या कॉक्लिआत आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. ध्वनीची लाट आली की त्यांच्यात पोटॅशियम शिरतं आणि संदेश निघतो. ते पोटॅशियम बाहेर पडल्यावर पुन्हा वापरात यावं लागतं. हे काम केसपेशींच्या भोवतालच्या आधारपेशी करतात आणि त्या एकमेकींना कनेक्सिन-२६ आणि ३० यांच्या जोडांनी बांधलेल्या असतात. खुद्द केसपेशींत कनेक्सिन-२६ नसतं. श्रवणाच्या मज्जातंतूतही त्याची गरज नसते. ते बिघडलं तर कॉक्लिआची घडण आणि विद्युतदाब कोलमडतो, केसपेशी कामातून जातात, पण कानापासून मेंदूकडे जाणारी नस आणि मेंदूतलं श्रवणाचं केंद्र शाबूत राहतं. म्हणूनच जीजेबी-२मुळे बहिऱ्या असलेल्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला फायदा होतो. इम्प्लांट केसपेशींना वळसा घालून थेट नसेला वीज देतं. नसच मेलेली असती तर त्याचा उपयोग झाला नसता. जनुक कुठे व्यक्त होतं या कोरड्या वाटणाऱ्या माहितीवर एका मुलाचं बोलणं अवलंबून असतं, ते असं.

भारतात या जनुकातला सर्वांत जास्त आढळणारा दोष डब्ल्यू-२४-एक्स या नावाने ओळखला जातो. कनेक्सिन-२६ हे २२६ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. या दोषात २४व्या जागी एक अक्षर बदलतं आणि तिथे ‘थांबा’ अशी आज्ञा तयार होते. २३ अमिनो आम्लांनंतर प्रथिन तुटतं. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या डॉ. अनुरंजन आनंद यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की, आपल्याकडच्या निरनिराळ्या कुटुंबांतला हा दोष एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेला दिसतो. हाच दोष युरोपातल्या रोमा लोकांत, स्लोव्हाकियापासून स्पेनपर्यंत, आढळतो. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, आणि जाताना हे एक बदललेलं अक्षरही बरोबर गेलं. युरोपातल्या इतर लोकांत या जनुकाचा प्रमुख दोष वेगळा आहे, पूर्व आशियात आणखी वेगळा.

आता गावाकडे येऊ. हा दोष अप्रभावी आहे. एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस नीट ऐकतो आणि त्याला याचा पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघांकडेही तशी एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरं होण्याची शक्यता चारात एक असते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. आजी-आजोबा एकच असतील, तर तोच बिघाड दोघांकडेही असण्याची शक्यता कितीतरी वाढते. नात्यातल्या लग्नाने प्रत्येक वेळी असं होतं असं नाही, आणि नात्यात लग्न न केलेल्या घरांतही असं मूल जन्मतं. पण ज्या घरात एक कर्णबधिर मूल आहे, तिथे पुढची सोयरीक जुळवण्याआधी जनुकांची चाचणी आणि समुपदेशन या दोन्हींचा विचार व्हायला हवा असं मला कळकळीने वाटतं. दोष आईकडून आला की बापाकडून, या भांडणाला मात्र अर्थ नाही. अप्रभावी दोष दोघांकडून आल्याशिवाय दिसतच नाही. आजही सुनेला बोल लावला जातो. तो सरळसरळ अन्याय आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. मेंदूतली श्रवणाची केंद्रं पहिल्या काही वर्षांत आवाज ऐकूनच घडतात. आवाज पोचला नाही तर त्या जागा इतर कामांना जातात आणि नंतर इम्प्लांट बसवूनही बोलणं पुरेसं येत नाही. म्हणून जगभर मान्य झालेला नियम असा आहे की, पहिल्या महिन्यात ऐकण्याची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात. तपासणी बाळाला त्रासदायक नसते. ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत उत्तर मिळतं. शंका आली तर बेरा चाचणी करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची सोय आहे आणि श्रवणदोष त्या यादीत आहे. कर्णबधिर लहानग्यांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून मदत मिळते आणि तिचं काम मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलाला या योजनेत साधारण पाच वर्षांचं होईपर्यंतच संधी असते. ज्या घरांना इम्प्लांट नको असेल, त्यांच्या मुलालाही खाणाखुणांची भाषा पहिल्या वर्षापासूनच मिळायला हवी.

नर्सी, औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत, कुठेही राहत असा, घरात तान्हं बाळ असेल तर एवढं करा. भांडं पडल्याच्या आवाजाने ते दचकत नसेल, सहा महिन्यांनंतर हाक मारल्यावर मान वळवत नसेल, तर ‘बापही उशिराच बोलला होता’ असं म्हणून वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या आणि त्याच आठवड्यात कान तपासून घ्या.